उंबऱ्यातले खिळे

सोमवार, देवदिवाळी, सन १९३६. मुक्काम गुंजवणे

पोचले एकदाची. नसरापूरपासून बैलगाडी केली होती, आणि गाडीवान असा की बैल चालायला तयार पण हाच थांबायला तयार. दर ओढ्यावर तंबाखू. पण राजगड समोर आला, वारं गार लागलं, खळ्याखळ्यावर भात झोडपणाऱ्या बाया दिसल्या, आणि माझी चिडचिड पळाली. माणसानं अधनंमधनं दवाखान्याबाहेर पडावं.

ही वही नर्सबाईंनी दिली. भोरला त्यांच्या दवाखान्यात मी पाणी भरते, रक्ताची फडकी धुते. अक्षरं तिथंच शिकले, त्या जेवायला बसल्या की पाटीवर. म्हणाल्या, सोजराबाई, भाचीचं बाळंतपण करायला चाललात तर रोज लिहा. ताप, अंगावरून किती जातंय, दूध उतरलं का, पोट बसतंय का. मी म्हटलं मला लिहायला वेळ कुठला. म्हणाल्या, बोलायला असतो ना, त्यातलाच काढा.

भिमा काल बाळंत झाली. मुलगा. रंग चांगला, ताप नाही, अंगावरून जायला पाहिजे तेवढं जातंय. पोराला छातीशी घेतलं की पोटात कळ येते म्हणून रडते. मी सांगितलं, कळ येते म्हणजे पिशवी आवळते, आवळते म्हणजे तू बरी होतेस, तेव्हा रड आणि पाज. मला बघून गळ्यात पडली. आईबाप दोघं गेलेले, माहेर म्हणून मी एकटी आत्या.

घर बरं आहे. नवरा हैबती मोजकं बोलणारा. सासू फुलाबाई, तोंड गोड आणि किल्ल्या कमरेला. हैबतीचं हे दुसरं लग्न. पहिली बायको, बना तिचं नाव, तापानं गेली असं सोयरीक जमवताना सांगितलं होतं.

दोन गोष्टी डोळ्यात खुपल्या. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात खिळे ठोकलेत, घोड्याच्या नालेला मारतात तसले, डोकी वर. विचारलं तर फुलाबाई म्हणाली, लाकूड फाटलं व्हतं. फाटलेलं मला कुठं दिसलं नाही. दुसरं, ओढ्यापासून दारापर्यंत वाटेच्या कडेनं राळा उगवलाय, कुणी मुठीनं सांडत गेल्यासारखा एका ओळीत. कणसं वाळून लोंबतायत. कापली नाहीत, आणि पाखरांनीसुद्धा चोच लावलेली नाही. धान्य वाया घालवायची हौस.

बुधवार

खिळ्यानं आज भिमाचा पाय फाडला. मी तिला धरून न्हाणीकडं नेत होते. गंजका खिळा आणि ओली बाळंतीण! धनुर्वातानं कमान झालेली बाई मी दवाखान्यात बघितलीय, परत बघायची नाही. जखम धुतली, हळद भरली, आणि हैबतीची पहार मागून सगळे खिळे उपटले. उंबऱ्यावर ओळीनं मांडून ठेवले, सासूला दिसावेत म्हणून.

फुलाबाई खळ्यावरनं आली आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाली, कुणाला इचारून काढलं गं बये? मी म्हटलं, जिचा पाय फाटला तिला विचारून. पदर तोंडात धरून चुलीपाशी बसून राहिली.

दारामागं विळा होताच, तो घेऊन राळाही कापला. सुपभर निघाला. कांडून मऊ भात केला, वर तूप सोडलं. भिमा पोटभर जेवली. फुलाबाईनं घास घेतला नाही. म्हणाली, मला भूक न्हाई. सुपभर धान्यासाठी एवढा जीव तुटतो माणसाचा!

दूध उतरलं. छाती दगड झाली, अंग तापलं. भिमा घाबरली. हा दुधाचा ताप. ऊन फडक्यानं शेकलं, पोराला पाजलं, दिवस कलायच्या आत उतरला. मधेच उगाच रडते, का ते तिलाच कळत नाही. बाळंतपणात रडूसुद्धा साचलेलंच असतं, वाहू द्यावं.

शुक्रवार

काल पाचवी पुजली. सगळं वेळच्या वेळी चाललंय. सकाळी तेल, ऊन पाणी, पोटाला घट्ट फडकं, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. पोट छान बसतंय. अंगावरून जातंय ते फिकं झालं. अळिवाची खीर आवडीनं खाते. नर्सबाई, तुमची वही उगाच आणली, सगळं नीट आहे.

फक्त शेगडी टिकत नाही. लाल निखारे भरते आणि पाठ फिरवली की काळे. कोळसा ओला असावा. आणि डिंकाचे लाडू कमी होतायत. डबा माझ्या उशाशी, झाकण घट्ट. फुलाबाईला सरळ विचारलं. म्हणाली, माझ्याकडं कशापाई बघता इहीणबाई, म्या त्या खोलीत पाऊल ठेवत न्हाई. खरंच ठेवत नाही. नातू बघायचा तरी दारातनं मान लांब करते.

शनिवार, चंपाषष्ठी

आज झालं ते जसं झालं तसं लिहिते. नर्सबाई हसतील तर हसोत.

उन्हं चांगली वर आली होती. न्हाणीत पाण्याला उकळी, वाफेनं समोरचं दिसेना. भिमाला हाक मारली, चल गं, आणि तेलाची वाटी घ्यायला वळले. आले तर ती दगडावर बसलेली, तोंड भिंतीकडं, केस पाठीवर मोकळे. मी बडबडत तेल लावायला लागले. अंग गार. म्हटलं, घोंगडं घेऊन यायला काय झालं होतं? पोटाला हात घातला तर पोट सुटलेलं, पहिल्या दिवसासारखं मऊ. काल तर चांगलं बसलं होतं. छातीला हात लागला, दगड. मी रागावले, पोराला पाजलं नाहीस का? तिनं मान आणखी खाली घातली. पाठीवर ऊन पाणी घातलं तशी तिनं श्वास सोडला, लांब, लई दिवस दमलेल्या माणसानं सोडावा तसा.

मग पाय धुवायला वाकले. पाय घोट्यापर्यंत चिखलात. काळा, ओला, खाचरातला चिखल, बोटांच्या बेचक्यात भरलेला. मार्गशीर्षात, खाचरं वाळून भेगा पडल्यात तेव्हा.

म्हटलं, बाळंतीण असून कुठं हिंडत होतीस? आणि पोट बांधायचं फडकं आणायला आत गेले.

भिमा बाजेवर झोपलेली. पोर कुशीत. केस कोरडे, वेणी तशीच. डोळे उघडून म्हणाली, आत्या, हाक मारली व्हय? डोळा लागला बघा.

परत न्हाणीत गेले. दगड ओला. कुणी नाही. मोरीच्या तोंडाशी भाताचं एक रोप अडकलेलं. हिरवंगार, लावणीला उपटतात तसं, मुळाला माती.

तेव्हापासून माझे हात गार आहेत. चुलीपुढं धरले तरी.

रविवार

भिमाला परत लाल जातंय. दुपारी लिंबाएवढी गाठ पडली. पोट सुटलं. ताप नाही, उलट अंग थंड. दूध आटलं, एका दिवसात. असं होत नाही. मी इतक्या बाळंतिणी बघितल्या, असं होत नाही.

आणि पोर उपाशी नाही. पोर तृप्त. हनुवटीवर दूध, ओठ निळे. भिमाला विचारलं, कुणी पाजलं? म्हणाली, त्या ताई हाईत ना. मी दमले म्हणून त्यांनी घेतलं. कोण ताई? म्हणाली, पायाकडं बसत्यात त्या. तुमीच आणल्यात न्हवं सोबतीला?

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पायाकडं बाजेची सुंभं ओली होती.

सोमवार

ठकुबाई धनगरीण वरच्या वाडीवरनं शेळीचं दूध घेऊन आली. उंबरा बघितला आणि चरवी बाहेरच ठेवली. म्हणाली, खिळं कुठं गेलं? म्हटलं, मी काढले. राळा? म्हटलं, कापला, शिजवला. ती मटकन खाली बसली. म्हणाली, अगं माझे आई, तुला कुणी काय सांगितलंच न्हाई का?

मग तिनं सांगितलं. बना तापानं गेली नाही. गेल्या साली आषाढात ती बाळंत झाली, मुलगी झाली, दिवस मावळायच्या आत पोर गेलं. आणि चौथ्या दिवशी फुलाबाईनं तिला भातलावणीला काढली. पोर न्हाई तर बाळंतपण कसलं, असं म्हणाली. ना तेल, ना शेक, ना पोटाला फडकं. दिवसभर वाकून चिखलात. छातीतलं दूध चोळीवाटे गळत होतं म्हणे, आणि पायावरून लाल, आणि पाऊस धुऊन नेत होता म्हणून कुणाला दिसलं नाही. ओळीतल्या ओळीत बसली ती उठली नाही. उचलून ह्या खोलीत आणली. दिवे लागायच्या आत संपली.

बाळंतपणात मेलेली बाई माघारी येते. म्हणून तिरडीमागं राळा सांडतात. एक एक दाणा वेचल्याबिगर तिला पाऊल उचलता येत नाही. इथं तो राळा उगवला, त्याचे पडलेले दाणे यंदा परत उगवले, आणि ती वेचतच राहिली. उरला उंबरा, त्याला खिळे. मी दोन्ही उपटलं. माझ्या हातानं वाट झाडून दिली.

फुलाबाईला खळ्यावर जाऊन गाठलं. नाकारलं नाही तिनं. म्हणाली, रोपं पिवळी पडत व्हती, बाया मिळंनात. म्या सुदिक चौथ्या दिशी चिखलात उतरले व्हते, मला कुठं काय झालं? मी म्हटलं, झालं की. एवढंच म्हटलं. एक थोबाडीत देणार होते, पण हाताला जोर नव्हता.

खरं आधी सांगितलं असतं तर मी भिमाला भोरला नेऊन बाळंत केलं असतं. सोयरीक मोडेल म्हणून गप्प बसली माणसं.

हैबतीनं खिळे परत ठोकले. ठोकताना रडत होता.

मंगळवार

खिळे निघालेत. उंबऱ्यावर ओळीनं मांडलेत. मी मांडले होते तसेच.

भिमाला अजून जातंय. पांढरी पडली. उठून बसली की डोळ्यापुढं अंधारी. म्हटलं आता तसंच भोरला न्यायचं. बाजेची डोली केली, गावातले तिघं आणि हैबती, चौघांनी उचलली. दिवसभर भाताची पोती वाहणारे गडी. दारातनं निघाले आणि ओढ्यापर्यंत जाईतो घामाघूम. एक जण म्हणाला, हैबती, दोघी बसल्यात का रं आत? कुणी हसलं नाही. ओढ्याच्या पाण्यात पाय घातला आणि बाज करकरली. पोर थंड पडलं, रडेना. घोंगडं उचललं. भिमाच्या पायाशी बिछाना दबलेला होता, कुणी टेकलंय तसा. आणि चिखल.

माघारी आलो.

भिमा म्हणते, आत्या, त्यांना हाकलू नका. त्या काय करत न्हाईत. त्यांना नुसतं थंडी वाजते.

बुधवार

विचार केला. डोकं माझं जाड, पण केला.

तिला भिमा नको. तिला पोरसुद्धा नको असेल. तिला बाळंतपण पाहिजे. जे भिमाला करते ते ती उचलते, शेक, खाणं, ऊब, भिमाच्या अंगातली सुद्धा. मग तिचं तिला करावं. वेगळं. तिच्या नावानं.

सकाळी पाणी उकळलं. दगडावर पाट टाकला. मोठ्यानं म्हटलं, बना, ये गं पोरी, तुझं न्हाणं आहे. मी सोजरा, भिमाची आत्या, आजपासून तुझीसुद्धा. तुझा सव्वा महिना मी करते.

वाफेत आली. बसली. तोंड भिंतीकडं.

तेल लावायला लागले. पाय धुतले आधी, बेचकी न् बेचकी. दोन घागरी चिखल निघाला. मागच्या दारानं हैबतीनं भिमाला पोरासकट बाजेवर काढली. बनाला बाहेरच्या पावलांचा आवाज कळला, मान वळायला लागली. मी खांदा दाबून धरला. म्हटलं, बस. बाळंतिणीनं उठायचं नसतं.

बसली.

ओढ्यापलीकडनं हैबतीनं शीळ घातली. बाज हलकी लागतेय, ही खूण ठरली होती.

हात कोपरापर्यंत गार. सुन्न. मी सोडलं की ती उठते. दार बघते.

शुक्रवार

ठकुबाई निरोप घेऊन आली. भिमा भोरला पोचली, नर्सबाईंनी औषध दिलं, जाणं थांबलं. पोर अंगावर प्यायलं. तोंड ऊन आहे म्हणे पोराचं.

म्हणाली, आता चल बाई माझ्याबरोबर. जाता येत नाही. गेले तर ती ऊब शोधत निघेल, आणि भिमाचं अंग अजून ओलं आहे. सव्वा महिना भरू दे.

फुलाबाई उंबऱ्याबाहेर बसते. आत येत नाही, पण पाणी तीच तापवते, निखारे तीच सरकवते. कोठीतलं तूप काढलं, लाडू केले. आज म्हणाली, तिला म्हणावं, मी ऊठ म्हणाले व्हते. आता उठू नको म्हणावं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तिनं सांगितलं. दारातनं. मग बराच वेळ डोकं उंबऱ्यावर टेकून होती.

बनाचं पोट बसतंय. मऊपणा जातोय. छाती हलकी झाली, ऊन फडक्यानं पिळून काढलं मी, दूध मोरीतनं गेलं. तेवढ्या वेळ ती रडली. आवाज नाही. नुसती पाठ हलत होती. रडू दे म्हटलं.

रविवार

पेन्सिल दोन्ही हातांनी धरावी लागते. गारठा खांद्यापर्यंत आला. चुलीत हात गेला, भाजलं ते वासानं कळलं.

तिचं अंग आता तेवढं गार नाही. पाय स्वच्छ. रोज चिखल कमी —

आज बोलली. पहिल्यांदा. म्हणाली, आत्या, लावणी झाली का?

म्हटलं, झाली पोरी. केव्हाच झाली. पीक आलं, कापलं, झोडपलं. तू झोप.

म्हणाली, मग खाचरातली माझी वळ कुणी लावली?

काय सांगू — म्हटलं, मी लावली.

बुधवार

महिना भरत नाही माझ्याच्यानं. छातीत गार. श्वास धुक्यासारखा निघतो, शेगडीपाशी बसून.

नर्सबाई, लिहिते. ताप नाही. अंगावरून जाणं थांबलं. पोट बसलं. हे बनाचं. भिमाचं तुम्ही बघताच आहात. पोराला बारशाला माझ्या पेटीतलं —

फुलाबाई हाका मारतेय. इहीणबाई, वो इहीणबाई. ऐकू येतंय. जीभ उचलत नाही.

गुरु

उठता येईना आज. पाणी तापलंय. तेल तापलंय. हात चालत नाहीत. बनाला म्हटलं, आजच्या दिवस तू जरा —

तिनं तोंड फिरवलं. पहिल्यांदा बघितलं मी तिला. किती लहान. भिमाहून लहान पोर.

म्हणाली, आत्या, तुमी लई गार पडला. तुमी आता पडा. मी करते तुमचं.

वाटी तिनं घेतली. माझं डोकं तिच्या मांडीवर, वही छातीवर. कपाळाला तेल. तिचा हात —

ऊन आहे. तिचा हात ऊन आहे, नर्सबाई. इतका ऊन, की मला आता